ज्याने वर नेलं, त्यानेच खाली आणावं

२ एप्रिल २०२२. गुढीपाडवा होता. सूर्य मावळताना गुढी उतरवली, साखरगाठी पोरांनी वाटून खाल्ल्या आणि नागपुरातल्या आमच्या गच्चीवर आम्ही सगळे जरा हवा खायला बसलो होतो. पाडव्याच्या रात्री आकाशात चंद्र जवळपास नसतोच. पावणेआठच्या सुमारास धाकटीने हात वर केला, "बाबा, ते बघा!" उजेडाचे चारपाच ठिपके एका ओळीत, शेपट्या ओढत, सावकाश सरकत होते. उल्का पापणी लवेपर्यंत विझते. हे विझेना. शेजारच्या गच्चीवरून कुणी विमान म्हणत होतं, कुणी क्षेपणास्त्र. मी पोरांना काय ते समजावून सांगत होतो आणि खरं सांगायचं तर आनंदात होतो. असं दृश्य आयुष्यात किती वेळा दिसतं?

तो आनंद तासाभरात गेला. माझं आजोळ चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात. मामांचा फोन आला. "बापू, लाडबोरीत आकाशातून लोखंडाचं मोठ्ठं कडं पडलं म्हणतेत."

मी म्हटलं, "मामाजी, तुम्ही जवळ जाऊ नका, आणि कुणाला हातही लावू देऊ नका."

"अख्खा गाव तं तिथंच उभा हाये. कोणाले सांगू मी?"

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. इतकी वर्षं वाचून, विचारून झाल्यावरही मला ते सापडलेलं नाही. हा लेख त्या प्रश्नापायी लिहितो आहे.

लाडबोरीत पडलेलं ते कडं साधारण तीन मीटर व्यासाचं होतं. गावातल्या मोकळ्या जागेत पडलं, म्हणून कुणाला इजा झाली नाही. पुढच्या एकदोन दिवसांत पवनपार आणि आसपासच्या शिवारात धातूचे गोळे सापडले, सुमारे अर्धा मीटर व्यासाचे, वरून दोरा गुंडाळावा तसे तंतू गुंडाळलेले. हे गोळे म्हणजे रॉकेटमध्ये दाबाखाली वायू साठवायच्या टाक्या. अवकाशातल्या वस्तूंवर नजर ठेवणाऱ्या अभ्यासकांनी वेळ आणि मार्ग जुळवून पाहिला. चीनच्या शीचांग तळावरून फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या लॉन्ग मार्च ३बी या रॉकेटचा तिसरा टप्पा (म्हणजे एकावर एक रचलेल्या, काम संपलं की सुटणाऱ्या भागांपैकी शेवटचा) त्या संध्याकाळी नेमका आपल्या डोक्यावरून वातावरणात शिरला होता. उपग्रह आपल्या जागी जाऊन कधीच कामाला लागला होता. त्याला वर पोचवणारा रिकामा टप्पा मात्र चौदा महिने पृथ्वीभोवती घिरट्या घालत राहिला आणि शेवटी सिंदेवाही तालुक्यात उतरला. पुढच्याच महिन्यात गुजरातमध्ये, आणंद-खेडा भागात, असेच गोळे पडले.

रॉकेट सोडताना आपण टीव्हीवर पाहतो ते पहिले टप्पे. त्यांचा बंदोबस्त बहुतेक देश करतात. श्रीहरिकोटा समुद्रकाठी आहे ते त्यासाठीच. इंधन संपलेले खालचे टप्पे बंगालच्या उपसागरात किंवा हिंदी महासागरात ठरलेल्या पट्ट्यात पडतात आणि त्या दिवशी जहाजांना, विमानांना आधीच सूचना गेलेली असते. (शीचांग डोंगराळ भागात, समुद्रापासून दूर आहे. तिथले खालचे टप्पे चीनच्याच खेड्यांच्या आसपास पडतात, आणि त्यातल्या बऱ्याच टप्प्यांत विषारी इंधन असतं. तिथल्या शेतकऱ्यांचं दुःख हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) माझं भांडण शेवटच्या टप्प्याशी आहे. तो उपग्रहाबरोबर कक्षेतच जातो. उपग्रह सुटला की त्याचं काम संपतं, पण तो पृथ्वीभोवती फिरतच राहतो. वर विरळ का होईना, हवा असते. ती त्याला घासत घासत खाली खेचते. काही आठवड्यांत किंवा काही वर्षांत तो परत येतो.

कुठे येतो? हे शेवटच्या तासापर्यंत कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. सूर्याची हालचाल वाढली की वरची हवा फुगते, घर्षण वाढतं आणि सगळी गणितं पुढेमागे होतात. टप्पा सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या पुढे धावत असतो. अंदाज दहा मिनिटांनी चुकला तर पडण्याची जागा साडेचार हजार किलोमीटरने चुकते, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी या अंतरापेक्षा जास्त. "वातावरणात सगळं जळून जातं" हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. ते अर्धंच खरं आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, ते जातं. टायटॅनियम वितळायला १६०० अंशांहून जास्त उष्णता लागते. त्याचे गोळे, पोलादाचे भाग, कार्बन तंतूंनी गुंडाळलेल्या टाक्या खाली पोचतात. मोठ्या वस्तूच्या वजनातला २० ते ४० टक्के भाग जमिनीपर्यंत येऊ शकतो, असा जाणकारांचा हिशेब आहे.

आता नकाशा समोर घ्या, कारण या प्रश्नातला खरा अन्याय नकाशावर दिसतो. कक्षेचा विषुववृत्ताशी कल जेवढ्या अंशांचा, तेवढ्याच उत्तर आणि दक्षिण अक्षांशांच्या मधल्या पट्ट्यावरून ती वस्तू फिरते. २८ अंशांच्या कलाचा टप्पा २८ उत्तर ते २८ दक्षिण या पट्ट्यातच पडणार. लंडन त्याच्या वाटेत येत नाही, मॉस्को येत नाही, आणि ४० अंशांवरचं बीजिंगही येत नाही. येतं ते मध्य आणि दक्षिण भारत, बांगलादेश, आफ्रिकेचा मोठा भाग, इंडोनेशिया, ब्राझील. शिवाय फिरणारी वस्तू आपल्या पट्ट्याच्या कडांपाशी जास्त वेळ रेंगाळते. २०२२ साली कॅनडातल्या संशोधकांनी 'नेचर अ‍ॅस्ट्रॉनॉमी' या नियतकालिकात याचा हिशेब मांडला. रिकामे टप्पे असेच पडू दिले तर येत्या दशकात त्यांच्यामुळे किमान एका माणसाच्या जिवावर बेतण्याची शक्यता सुमारे १० टक्के आहे, आणि जाकार्ता, ढाका, लागोस यांच्या अक्षांशांवर असा टप्पा पडण्याची शक्यता न्यूयॉर्क, बीजिंग, मॉस्कोच्या अक्षांशांपेक्षा किमान तिप्पट आहे. उपग्रहाचा फायदा कुणाला व्हायचा त्याला होवो, जोखमीचा वाटा ठरलेल्या लोकांच्याच पदरात पडतो. त्या लोकांना कुणी विचारलेलं नसतं.

हे आजचंच नाही. १९७९च्या जुलैत स्कायलॅब पडणार म्हणून आपल्याकडे गावोगाव घबराट होती. माझे वडील तेव्हा नोकरीत नवे होते. लोक घराबाहेर निजावं की घरात, यावर चर्चा करत, असं ते सांगतात. सुमारे ७७ टन वजनाची ती प्रयोगशाळा शेवटी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात तुकड्यातुकड्यांनी पडली आणि एस्परन्स या गावाने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड केला. त्याआधी, जानेवारी १९७८ मध्ये, अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस ९५४ कॅनडाच्या बर्फात पडला होता. कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलर मागितले, १९८१ साली ३० लाखांवर तडजोड झाली. १९९७ साली अमेरिकेतल्या टल्सा शहरात पहाटे फिरायला निघालेल्या एका बाईच्या खांद्यावर डेल्टा २ रॉकेटचा हलका तुकडा आपटला. त्याच टप्प्याची अडीचशे किलोंची टाकी टेक्सासमध्ये पडली होती. ती टाकी त्या बाईच्या वाटेवर पडली असती तर?

अलीकडची उदाहरणं तर दरवर्षीची झाली आहेत. लॉन्ग मार्च ५बी हे चीनचं अवजड रॉकेट. त्याचा वीस टनांहून जड मुख्य टप्पाच कक्षेत जातो आणि बेवारस परत येतो. मे २०२०मध्ये त्याचे लांबलचक पाईप आयव्हरी कोस्टमधल्या गावांत सापडले. २०२१मध्ये तो मालदीवजवळ हिंदी महासागरात पडला, जुलै २०२२मध्ये बोर्निओवर. नोव्हेंबर २०२२मध्ये असाच टप्पा परत येत होता म्हणून स्पेनने आपल्या हवाई हद्दीचा काही भाग चाळीसेक मिनिटं बंद केला आणि सुमारे ३०० विमानांना उशीर झाला. डिसेंबर २०२४च्या शेवटी केनियातल्या मुकुकू गावात अडीच मीटर व्यासाचं, पाचशे किलोंचं धातूचं कडं पडलं. फोटो पाहिला आणि मला लाडबोरीच आठवली. तशीच माती, तसंच कडं, भोवती तशीच माणसं. फेब्रुवारी २०२५मध्ये फाल्कन ९च्या वरच्या टप्प्याची टाकी पोलंडमध्ये एका गोदामाच्या आवारात पडली. म्हणजे हे एकट्या चीनचं पाप नाही, आणि "चीन बेजबाबदार" एवढं म्हणून थांबणाऱ्यांशी माझं पटत नाही.

कारण आपलं काय? जुलै २०२३मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रीन हेड गावाजवळच्या किनाऱ्यावर घुमटासारखं धूड वाहत आलं, शिंपल्यांनी माखलेलं. ते आपल्या पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचा भाग निघालं. हा टप्पा ठरल्याप्रमाणे समुद्रात पडला होता, तुकडा फक्त वाहत गेला, एवढी सफाई देता येते. पण तिथे पोलिसांनी पहारा बसवला, आपत्कालीन यंत्रणेने तपासणी करून धोका नसल्याचं सांगितलं, ऑस्ट्रेलियाच्या अवकाश संस्थेने तो कुणाचा हे काही दिवसांत जाहीर केलं. लाडबोरीच्या मोकळ्या जागेत रात्री उभी असलेली गर्दी डोळ्यांसमोर आणा आणि दोन्हीकडचा फरक पाहा.

त्याआधीचं एक उदाहरण जास्त बोचरं आहे. ऑक्टोबर २००१मध्ये पीएसएलव्ही सी३ यशस्वी झालं. त्याच्या चौथ्या टप्प्यात उरलेलं इंधन तसंच राहिलं आणि डिसेंबरमध्ये तो टप्पा कक्षेतच फुटला. मोजता आले तेवढेच तुकडे तीनशेहून जास्त होते. इस्रोने त्यातून धडा घेतला. नंतरच्या काळात काम संपल्यावर टाक्या रिकाम्या करायची पद्धत आपण लावून घेतली, आणि ती चांगली पाळली. याबद्दल मला मनापासून अभिमान आहे.

आता चांद्रयान ३. १४ जुलै २०२३ला ते निघालं तेव्हा सगळ्यांसारखा मीही टीव्हीसमोर हात जोडून बसलो होतो. त्याला वर नेणाऱ्या एलव्हीएम३ रॉकेटचा क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनावर चालणारा, टप्पा २१.३ अंशांच्या कलाच्या कक्षेत राहिला. नागपूर २१.१ अंशांवर आहे. म्हणजे तो टप्पा ज्या पट्ट्यात फिरत होता त्याची वरची कड आमच्या घरावरून जात होती, आणि कडेपाशी वस्तू जास्त रेंगाळते हे मी वर सांगितलंच आहे. १५ नोव्हेंबर २०२३ला तो अनियंत्रितपणे वातावरणात शिरला. अंदाज उत्तर प्रशांत महासागराचा होता. शेवटची फेरी भारतावरून गेली नाही, असंही इस्रोने कळवलं. १२४ दिवसांत टप्पा परत आला, आंतरराष्ट्रीय नियम २५ वर्षांचा आहे, म्हणजे आपण नियम कसोशीने पाळला, असं सांगितलं गेलं. ते खरंच आहे. पण तो नियम टप्पा कधी खाली यावा एवढंच सांगतो. कुठे यावा याबद्दल तो काहीच म्हणत नाही. वरची गर्दी कमी व्हावी म्हणून केलेला नियम तो. खालच्या माणसांसाठी केलेलाच नाही. समुद्रात पडला हे आपलं नशीब.

माझं म्हणणं साधं आहे. उपग्रह वर न्यायचा तर शेवटचा टप्पा ठरलेल्या जागी, निर्जन समुद्रात, नियंत्रितपणे खाली आणण्याची सोय त्या रॉकेटमध्ये असलीच पाहिजे. ती नसेल तर उड्डाणाला परवानगी नाही. आणि हा नियम भारताने आधी स्वतःला लावावा, मग जगाकडे मागावा.

हे जमण्यासारखं आहे का? आहे. टप्प्याचं इंजिन पुन्हा पेटवायचं, वेगाच्या उलट दिशेने थोडा जोर द्यायचा आणि टप्पा दक्षिण प्रशांत महासागरासारख्या ओसाड पाण्यात उतरवायचा. जपानने एच-२बी रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यावर हे करून दाखवलं. फाल्कन ९ खालच्या कक्षेतल्या बहुतेक मोहिमांत हे नेहमीच करतं. पोलंडचा प्रसंग घडला तो त्या वेळी गळती होऊन इंजिन पेटलं नाही म्हणून. युरोपने एरियान ६चं वरचं इंजिन पुन्हापुन्हा पेटेल असंच बांधलं. जुलै २०२४च्या पहिल्या उड्डाणात नेमकी तीच शेवटची पेटवणी साधली नाही, पण यंत्रणा घडवतानाच परतीचा विचार झाला होता. आपल्याकडे मार्च २०२३मध्ये मेघा-ट्रॉपिक्स उपग्रह दक्षिण प्रशांतात नियंत्रितपणे उतरवला गेला. २०११ साली सोडलेल्या, टनभर वजनाच्या त्या उपग्रहाची रचना यासाठी केलेलीच नव्हती. आपल्या माणसांनी उरलेल्या सव्वाशे किलो इंधनावर ते साधलं. जानेवारी २०२४च्या पीएसएलव्ही सी५८चा चौथा टप्पा आधी ६५० किलोमीटरवरून ३५०वर आणला, त्यावर प्रयोगही करून घेतले, आणि मार्चअखेरीआधी तो परत आला. नोव्हेंबर २०२५मध्ये एलव्हीएम३च्या क्रायोजेनिक इंजिनाचा प्रज्वलन कक्ष अवकाशात पुन्हा पेटवून पाहिला. ज्या टप्प्याबद्दल मी वर तक्रार केली, त्याचंच उत्तर इस्रोच्या हातात येऊ लागलं आहे.

फुकट मात्र काही होत नाही, आणि हे लपवणं बरोबर नाही. शेवटचा टप्पा आणि उपग्रह एकाच कक्षेत पोचतात. त्यामुळे परतीसाठी टप्प्यात एक किलो इंधन राखून ठेवलं तर उपग्रहाचं वजन तेवढंच, एक किलोने, कमी करावं लागतं. दूरसंचार उपग्रहांच्या लांबोळक्या कक्षेत तर टप्प्याला ३६ हजार किलोमीटरच्या टोकाला पोचायलाच सव्वापाच तास लागतात. जोर द्यायची सोयीची जागा तीच. तोवर बॅटरी टिकली पाहिजे, अतिथंड इंधन उडून जाता कामा नये. हे सगळं वजन आहे, पैसा आहे. श्रीमंत देश तो सोसतील, नव्याने उतरणाऱ्या छोट्या कंपन्यांचं काय, असा प्रश्न या क्षेत्रातले लोक विचारतात. आपल्याकडेही खासगी रॉकेटं येऊ घातली आहेत, तमिळनाडूत कुलशेखरपट्टिनमला दुसरा तळ उभा राहतो आहे, तेव्हा हा प्रश्न आपलाच आहे. पण याच युक्तिवादावर कारखान्यांनी वर्षानुवर्षं नद्यांत पाणी सोडलं. सांडपाणी शुद्ध करायचा खर्च मालाच्या किमतीत धरायचा नाही आणि तो खालच्या गावाने आजारपणात भरायचा, हे आपण जमिनीवर चूक मानतो. आकाशातून आलं म्हणून ते बरोबर कसं होईल? उलट नव्या कंपन्यांना पहिल्या आराखड्यापासून ही अट असणं सोपं; दहा वर्षांनी, चालत्या रॉकेटवर ठिगळ लावणं महाग.

दुसरा आक्षेप मला जास्त भेटतो. माझे एक सहकारी, फार शहाणा माणूस, म्हणाले, "अरे, आजवर एकही माणूस मेलेला नाही. रस्त्यावर रोज किती मरतात? तू कुठे लाडबोरीचं घेऊन बसलास?" एका टप्प्याचा विचार केला तर ते बरोबर आहेत. पण २०१० साली जगात ७४ उड्डाणं झाली होती, २०२३मध्ये २२३, आणि २०२४मध्ये अडीचशेहून जास्त. प्रत्येक उड्डाणाने आपली जोखीम नगण्य म्हणायची आणि सगळ्यांची बेरीज कुणीच करायची नाही, ही यातली खोट आहे. शिवाय रस्त्यावर मी माझ्या कामासाठी, माझ्या मर्जीने उतरतो. लाडबोरीच्या माणसाने त्या उपग्रहाकडून काय घेतलं होतं? एक माणूस मरेपर्यंत थांबायचं असेल तर तो बहुधा आपल्याच पट्ट्यातला असेल, हे वरच्या नकाशाने सांगितलं आहे.

मग कायदा काय म्हणतो? १९७२चा दायित्व करार एका बाबतीत फार चांगला आहे. जमिनीवर नुकसान झालं तर रॉकेट सोडणाऱ्या देशाची चूक सिद्ध करायची गरज नाही, भरपाई त्याने दिलीच पाहिजे. भारत आणि चीन दोघंही त्यात आहेत. पण दावा फक्त देश करू शकतो, तोही राजनैतिक मार्गाने आणि वर्षाच्या आत. ज्याचं छप्पर फुटलं त्याला थेट दाद मागता येत नाही. आणि छप्पर फुटलंच नाही, नुसतं तीन मीटरचं कडं घराशेजारी आदळलं, तर भरपाईचा प्रश्नच येत नाही. करार नुकसानीनंतर जागा होतो, आधी कुणाला रोखत नाही. अवकाशातल्या कचऱ्याबद्दलची संयुक्त राष्ट्रांची २००७ची मार्गदर्शक तत्त्वं रोखू पाहतात, पण ती बंधनकारक नाहीत. आपल्या देशात तर अवकाश व्यवहारांचा कायदाच नाही. २०१७ साली मसुदा आला होता. २०२३ साली धोरण आलं, परवानग्या द्यायला इन-स्पेस ही यंत्रणा आहे, पण संसदेने केलेला कायदा अजून नाही.

तो कायदा होईल तेव्हा त्यात नियंत्रित परतीची अट हवी. भारतीय भूमीवरून उडणाऱ्या प्रत्येक रॉकेटला ती ठरावीक मुदतीत लागू व्हावी, सरकारी असो की खासगी. दुसरं, भारतीय उपग्रह परदेशी रॉकेटवरून सोडताना करारातच ही अट घालावी. आपण गिऱ्हाईक आहोत. जीसॅट-एन२ नोव्हेंबर २०२४मध्ये फाल्कन ९वरूनच गेला, त्याआधीचे कित्येक एरियान ५वरून गेले. पैसे देणाऱ्याचं म्हणणं ऐकलं जातं. इस्रोने २०३०पर्यंत आपल्या सगळ्या मोहिमा कचरामुक्त करण्याचा संकल्प २०२४ साली जाहीर केला आहे. संकल्प मोठा आहे, पण त्यात खाली कुठे पडणार हे कलम स्पष्ट शब्दांत आलं पाहिजे. एकदा ते आलं की केनिया, इंडोनेशिया, बांगलादेश, ब्राझील यांना सोबत घेऊन संयुक्त राष्ट्रांत उभं राहायला भारताइतका योग्य देश दुसरा नाही. रॉकेट सोडणाराही आपण आणि पडणाऱ्या पट्ट्यात राहणारेही आपणच. दोन्ही बाजू अशा अंगावर घेतलेले देश फार थोडे आहेत.

हे सगळं व्हायला वर्षं लागतील. मामांच्या प्रश्नाला तेवढं थांबता येत नाही.

सिंदेवाही हा वाघांचा मुलूख आहे. वाघाने गाय मारली तर मामांना नेमकं माहीत असतं, वनरक्षकाला फोन करायचा, तो येईपर्यंत जागा हलवायची नाही, पंचनामा होतो, भरपाईचा अर्ज जातो. वीज पडली तर तलाठी येतो. हे सहज झालेलं नाही. लोकांनी वर्षानुवर्षं मागून, भांडून ही वाट पाडून घेतली आहे. आकाशातून रॉकेटचा तुकडा पडला तर अशी वाट नाही. त्या गोळ्यांत दाब शिल्लक असू शकतो, काही टाक्यांत हायड्राझिनसारखं इंधन असतं, ते अंगाला लागलं किंवा श्वासातून गेलं तरी घातक. हे गावात कुणाला सांगितलेलं नाही. वरचा टप्पा आपल्या दिशेने येतो आहे हे काही तास आधी अंदाजाने तरी कळतं. इस्रोची बेंगळुरूची यंत्रणा अशा वस्तूंवर लक्ष ठेवून असते. त्या अंदाजाचा निरोप जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षापर्यंत आणि तिथून पोलीस पाटलापर्यंत जायला आज फार तर काही मिनिटं लागतात. नुकसान झालंच, तर सरकारने माणसाला आधी स्वतःच्या तिजोरीतून भरपाई द्यावी आणि त्या देशाकडून वसुलीचं भांडण नंतर दिल्लीने करावं. घर पडलेल्या माणसाला परराष्ट्र खात्याच्या पत्रव्यवहाराची वाट पाहायला लावू नये.

मागच्या दिवाळीत मामांकडे गेलो होतो. त्यांच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर निळ्या रंगात वनविभागाचा नंबर लिहिलेला आहे, त्याखाली रुग्णवाहिकेचा. मी सरपंचांना म्हटलं, इथे अजून एक ओळ लिहून घ्या. आकाशातून काही पडलं तर हात लावू नका, पोरांना आणि गुरांना दूर ठेवा, त्याच्यावरून आलेला वारा अंगावर येईल अशा जागी उभे राहू नका, आणि या नंबरवर कळवा. सरपंच म्हणाले, "लिवतो ना सर. नंबर कोणता लिवू?" मी नागपूरला आल्यावर जिल्हा कार्यालयाला पत्र टाकलं आहे.